आर्टिक्स बोर्डाला जेटॅग केबल जोडताना: महापेच्या गाळ्यातल्या नोंदी

स्वतःचा एफपीजीएचा, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं भरता येणाऱ्या चिपचा, बोर्ड काढून पहिल्यांदाच केबल जोडायला बसलेल्यांसाठी या नोंदी आहेत. विकतच्या डेव्हलपमेंट बोर्डावर जेटॅगची (एफपीजीए तपासायच्या आणि त्यात डिझाइन भरायच्या जोडणीची) चिप बोर्डातच असते, यूएसबी लावली की काम सुरू. आपल्या बोर्डावर चिप आणि लॅपटॉप यांच्यामधली वीतभर वायर आपलीच जबाबदारी, आणि आमचा बहुतेक वेळ त्या वीतभरातच गेला.

सामान असं: मुख्य बोर्डावर आर्टिक्स-७ मालिकेतली एक्ससी७ए३५टी, एफटीजी२५६ पॅकेज, म्हणजे १ मिमी अंतरावरचे सोल्डरचे २५६ बॉल. वर एक जोडकार्ड बसतं, त्यावर दुसरी ३५टी. दोन्ही चिप एकाच जेटॅग साखळीत. कनेक्टर झायलिंक्सचा नेहमीचा १४ पिनी, २ मिमी पिचचा. झायलिंक्स २०२२ मध्ये एएमडीत गेली, पण आमच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात अजून सगळे झायलिंक्सच म्हणतात.

२३ जून

केबल न लावता नुसता सप्लाय दिला. करंटची मर्यादा खाली ठेवली. १.० व्होल्ट, १.८ व्होल्ट, ३.३ व्होल्ट, तिन्ही रेल (सप्लायच्या ओळी) बरोबर. जेटॅगच्या पिना बँक ० मध्ये (बँक म्हणजे एकाच व्होल्टेजवर चालणाऱ्या पिनांचा गट) येतात आणि आमच्याकडे त्या बँकेला ३.३ आहे, त्यामुळे सीएफजीबीव्हीएस पिन (चिपला या बँकेचं व्होल्टेज सांगणारी) वर बांधलेली हवी. १.८ ची बँक असती तर तीच पिन ग्राउंडला. हे स्किमॅटिकमध्ये बघून समाधान मानू नका, मल्टिमीटर लावून बघा.

कनेक्टरही मोजला. विषम पिना १, ३, ५ पासून १३ पर्यंत सगळ्या ग्राउंड. पिन २ वर संदर्भ व्होल्टेज म्हणजे व्हीरेफ, ४ टीएमएस (मोड), ६ टीसीके (क्लॉक), ८ टीडीओ (चिपमधून बाहेर येणारा डेटा), १० टीडीआय (चिपमध्ये जाणारा डेटा). पिन २ वर ३.३ दिसलं. आजचं काम एवढंच, कारण केबल अजून आली नव्हती.

२४ जून

खरी केबल महाग, म्हणून सुरुवात एफटी२३२एचच्या, म्हणजे यूएसबीवरून जेटॅगच्या तारा हलवणाऱ्या चिपच्या, मॉड्यूलने. दीडेक हजारात मिळालं. त्याची जोडणी पाठच करून टाका: एडी० ला टीसीके, एडी१ ला टीडीआय, एडी२ ला टीडीओ, एडी३ ला टीएमएस. मॉड्यूलवर डेटा आत, डेटा बाहेर असं छापलेलं असेल तर ते मॉड्यूलच्या बाजूने लिहिलेलं असतं. चिपचा टीडीओ मॉड्यूलच्या आत येणाऱ्या पिनला. यूएआरटीच्या (साध्या सिरियल जोडणीच्या) सवयीने लोक टीडीआय-टीडीओची फुली मारतात, इथे फुली नाही.

ड्युपाँट वायरींनी (सुट्या जंपर वायरींनी) जोडलं, ओपनएफपीजीएलोडर या प्रोग्रामला चिप ओळखायला सांगितलं. उत्तर आलं एफएफएफएफएफएफएफएफ.

हे उत्तर नीट वाचायला शिका. सगळेच एफ आले तर टीडीओ आपल्यापर्यंत पोचतच नाहीये, वायर लोंबकळतेय आणि मॉड्यूलमधल्या हलक्या पुलअपने ती वर धरलीय. सगळीच शून्यं आली तर टीडीओ कुठेतरी ग्राउंडला चिकटलाय. दोन्हीत सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही. तरीही आमच्याकडे ड्रायव्हर काढून परत टाकण्यात दुपार गेली.

कारण साखळीत होतं. मुख्य चिपचा टीडीओ आधी जोडकार्डाकडे जातो, तिथल्या चिपमधून फिरून परत कनेक्टरवर येतो. जोडकार्ड लावलेलंच नव्हतं, म्हणजे साखळी मध्येच तुटलेली. जोडकार्डाच्या सॉकेटमध्ये दोन पिनांवर बारीक वायरचा पूल टाकला, आणि काहीतरी वेगळं उत्तर आलं. बरोबर नव्हतं, पण वेगळं होतं. जोडकार्डाची साखळी काढणार असाल तर कार्ड नसताना वळसा द्यायची सोय बोर्डावरच ठेवा. साधी शून्य ओहमची जागाही चालते.

२५ जून

३५टीचा आयडीकोड, म्हणजे चिपचा हेक्समधला ओळखक्रमांक, ०३६२डी०९३ असतो. शेवटचे ०९३ म्हणजे झायलिंक्सची खूण, मधले अंक चिपची जात सांगतात. आमच्याकडे कधी हाच बरोबर यायचा, कधी ८१बी१६८४९, कधी ८१बी१डी०९३. "चिप डुप्लिकेट आहे" असं गाळ्यात एकाने जाहीरही करून टाकलं. चिप अधिकृत वितरकाकडून घेतलेली होती.

कागदावर बिट मांडले तेव्हा उलगडा झाला. ०३६२डी०९३ चे बत्तीस बिट लिहा, सगळ्यात खालचा १ खोडा, बाकी सगळे एक घर उजवीकडे सरकवा. आकडा होतो ०१बी१६८४९. वरच्या टोकाला जे घर रिकामं झालं त्यात टीडीआयवरून आत आलेला १ बसवा: ८१बी१६८४९. म्हणजे चिपने कोड बरोबरच पाठवला होता, आपण पहिला बिट वाचायच्या आत तो निघून गेला. ८१बी१डी०९३ मध्ये तर खालचे सोळा बिट जसेच्या तसे आहेत आणि फक्त वरचा अर्धा भाग सरकलाय, म्हणजे मधलाच एक बिट गळाला. आपण क्लॉकचा एक ठोका दिला आणि चिपने दोन मोजले.

मग टीसीकेवर स्कोप लावला. शेजारच्या गाळ्यातल्या दादांनी त्यांचा १०० मेगाहर्ट्झचा स्कोप संध्याकाळपुरता दिला. पहिलं चित्र इतकं भयंकर होतं की विश्वास बसेना, आणि तो बसायलाही नको होता, कारण प्रोबच्या ग्राउंडची मगर-क्लिप लांब असली की ती स्वतःच तरंग दाखवते. क्लिप काढून प्रोबच्या टोकाला छोटी स्प्रिंग लावली. तरंग कमी झाले, पण गेले नाहीत. चढत्या कडेवर व्होल्टेज वर जाऊन परत १.५ च्या आसपास खाली येत होतं, मग पुन्हा वर. त्या खड्ड्यातला दुसरा चढ म्हणजे चिपच्या लेखी दुसरा ठोका.

इथे आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो क्लॉक कमी करण्यात. ६ मेगाहर्ट्झवरून १ वर आणलं, मग त्याहून खाली. चुका तशाच. टीसीकेची गती कमी केली तरी मॉड्यूलची पिन शून्यावरून ३.३ वर त्याच झपाट्याने उडी मारते. गोंधळ त्या उडीत आहे, दर सेकंदाला किती उड्या पडतात याने त्याला फरक पडत नाही. संथ क्लॉकने फक्त चुका पाहायला जास्त वेळ लागला.

उपाय स्वस्तातले निघाले. टीसीकेच्या वायरला मॉड्यूलच्या टोकाशी ३३ ओहमचा रेझिस्टर ओळीत टाकला, वर हीटश्रिंक. रेझिस्टर मॉड्यूलच्याच टोकाला हवा, बोर्डाच्या टोकाला टाकून तेवढा उपयोग नाही. टीसीकेसोबत वेगळी ग्राउंड वायर पिळून नेली. आधी चार सिग्नलना मिळून एकच ग्राउंड वायर होती आणि तीही वळसा घालून जाणारी. दोन्ही केल्यावर आयडीकोड बरोबर येऊ लागला, रात्रभर लूपमध्ये वाचत ठेवला तरी एकही चुकला नाही.

२८ जून

ड्युपाँट वायरींवर कायमचं काम करण्यात अर्थ नाही, रिबन हवी. १४ पिनी कनेक्टरची मांडणी रिबनसाठीच केलेली आहे: विषम पिना ग्राउंड असल्यामुळे रिबनमध्ये दर दोन सिग्नलच्या मध्ये एक ग्राउंड वायर आपोआप येते. अल्टेरा या दुसऱ्या एफपीजीए कंपनीच्या १० पिनी कनेक्टरवर दोनच ग्राउंड आहेत, सहा पिनी सरळ पट्टीवर एकच. तिथे वायर आखूडच ठेवावी लागते.

अडचण अशी की बाजारात सहज मिळते ती १.२७ मिमीची रिबन, २.५४ च्या कनेक्टरची. २ मिमीच्या कनेक्टरला १ मिमीची रिबन लागते. कोपरखैरण्याहून ठाणे, तिथून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, भर पावसात. लॅमिंग्टन रोडला बऱ्याच दुकानांत मान हलवली गेली. शेवटी एका काकांनी विचारलं, "दोन एमएम? जुन्या लॅपटॉपच्या हार्डडिस्कची चालेल का?" जुन्या अडीच इंची आयडीई डिस्कला ४४ पिनांचा २ मिमीचाच कनेक्टर असायचा आणि तिची रिबन बरोबर १ मिमीची. ती केबल घेतली, ४४ तारांतून १४ तारांची पट्टी ब्लेडने फाडून काढली. टोकाचे १४ पिनी कनेक्टर मात्र ऑनलाइन मागवावे लागले आणि त्यांचं कुरिअर भाडं त्यांच्या किमतीपेक्षा जास्त पडलं. लांबी वीतभरच ठेवली. क्रिंप करायला वेगळं हत्यार घेतलं नाही, बाकावरच्या शिकंज्यात लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये धरून दाबलं. चालतं, पण प्रत्येक तार कंटिन्युइटीवर तपासून घ्या.

३० जून

मूळ डिझाइनमध्ये खाच असलेला, कठडेवाला हेडर होता. तो स्टॉकमध्ये नव्हता म्हणून असेंब्लीत उघड्या पिनांचा बसवला गेला, आणि आज केबल उलटी लागली.

१४ पिनीत उलटी लागणं किती वाईट आहे हे कागदावर पाहा. केबल अर्धा फेरा फिरवली की १ च्या जागी १४ येते, २ च्या जागी १३. प्रत्येक सम पिन विषम पिनेवर. बोर्डाचे चारही सिग्नल आणि व्हीरेफ हे सगळे केबलच्या ग्राउंडला जाऊन एकमेकांना शॉर्ट होतात. केबलचं ग्राउंड लॅपटॉपमार्गे बोर्डाच्या ग्राउंडला कुठेही मिळत असेल तर ३.३ ची रेल थेट जमिनीला. आमचा बेंच सप्लाय मर्यादेवर जाऊन अडला, लाल दिवा लागला, इतकंच. मर्यादा खाली ठेवायचा आळस केला असता तर हिशोब वेगळा झाला असता.

सोपी दुरुस्ती: पिन १२ ला काही जोडलेलं नसतं. प्रत्येक बोर्डावरची पिन १२ कटरने मुळापासून उडवली आणि केबलच्या कनेक्टरमधलं तेच भोक सुपरग्लूच्या थेंबाने आणि प्लॅस्टिकच्या काडीने बुजवलं. आता उलटी बसतच नाही. तयार केबलचं भोक बुजवताना गोंद बेतानेच लावा, शेजारच्या भोकात उतरतो.

३ जुलै

विवाडोला, म्हणजे झायलिंक्सच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरला, आमचं एफटी२३२एच मॉड्यूल दिसत नाही. ओपनएफपीजीएलोडरला दिसतं, ओपनओसीडीला दिसतं, विवाडोला नाही. विवाडो मॉड्यूलच्या ईईप्रॉममध्ये (छोट्या मेमरी चिपमध्ये) विशिष्ट माहिती शोधतो. ती भरायला विवाडोसोबतच एक प्रोग्राम येतो, पण आमच्या स्वस्त मॉड्यूलवर ईईप्रॉमची जागा आहे, चिप बसवलेलीच नाही. मॉड्यूल घेताना हे फोटोत पाहून घ्या.

नुसतं बिटस्ट्रीम (चिपमध्ये भरायची डिझाइनची फाइल) टाकायचं असेल तर ओपनएफपीजीएलोडर पुरेसा आहे. आम्हाला आतले सिग्नल पाहायला विवाडोचा लॉजिक अॅनालायझर हवा होता, म्हणून शेवटी १४ पिनी तयार केबल घेतली. मॉड्यूलच्या कितीतरी पट महाग, पण ती व्हीरेफ पाहून स्वतःची पातळी ठरवते, त्यात बरेच त्रास वाचतात. लिनक्सवर विवाडो टाकलं तरी केबलचे ड्रायव्हर आपोआप बसत नाहीत, इन्स्टॉलच्या फोल्डरमधली स्क्रिप्ट रूट म्हणून वेगळी चालवावी लागते. केबल आधीच लावलेली असेल तर काढून परत लावा.

७ जुलै

दुपारी तीननंतर प्रोग्रामिंग मध्येच तुटतंय, सकाळी नाही. शेजारचा कॉम्प्रेसर दुपारी चालतो. लॅपटॉपचा चार्जर दोन पिनी, अर्थिंग नसलेला, बोर्डाचा सप्लाय अर्थ केलेला. लॅपटॉपच्या पत्र्यावर हात फिरवला की मुंग्या येतात, त्यावरूनच समजायला हवं होतं. तो सगळा गळका करंट आमच्या जेटॅगच्या ग्राउंडमधून जात होता. चार्जर काढून बॅटरीवर चालवलं तर कॉम्प्रेसर सुरू असतानाही एकदा तुटलं नाही.

बॅटरीवर दिवस निघत नाही, म्हणून एडीयूएम४१६० चा यूएसबी आयसोलेटर (दोन बाजूंची ग्राउंड वेगळी ठेवणारा) मधे टाकला. तो फुल स्पीडपर्यंतच, म्हणजे १२ मेगाबिटच. मॉड्यूल हाय स्पीडचं असलं तरी मुकाट खाली येतं. वेग पडला, तुटणं थांबलं.

११ जुलै

बोर्ड बंद, केबल लावलेली, आणि बोर्डावरचा एलईडी अंधूक पेटलेला. ३.३ च्या रेलवर दीडेक व्होल्ट. एफटी२३२एच मॉड्यूलच्या पिना यूएसबीवर जिवंत असतात आणि त्या ३.३ चा करंट एफपीजीएच्या पिनांमधल्या क्लँप डायोडमधून उलटा रेलमध्ये शिरतो. त्यावर सप्लाय चालू केला की रेल शून्यापासून न चढता मधूनच चढते, आणि कधीकधी चिप नीट रिसेट न झाल्याने फ्लॅशमधून (बोर्डावरच्या मेमरीतून) बूट होत नाही. आम्ही आठवडाभर फ्लॅशला दोष देत होतो.

तूर्त नियम गाळ्याच्या भिंतीवर मार्करने लिहिलाय: आधी बोर्ड, मग केबल; काढताना आधी केबल, मग बोर्ड.

पक्का उपाय मधे बफर, म्हणजे सिग्नल नव्याने पुढे देणारी चिप. हाताशी टीएक्सएस०१०८ चं तयार मॉड्यूल होतं म्हणून ते लावून पाहिलं. दिशा आपोआप ओळखणारी ही चिप रिबनच्या कपॅसिटन्सवर गोंधळते, आयडीकोड पुन्हा सरकू लागला. जेटॅगच्या चारही तारांची दिशा ठरलेली आहे, आपोआप ओळखायचं काय त्यात? एसएन७४एलव्हीसी२टी४५ चे बफर टाकले. दिशा पक्की बांधता येते, दोन बाजूंची व्होल्टेज वेगळी चालतात, आणि एका बाजूचा सप्लाय गेला की दोन्ही बाजू मोकळ्या होतात. उलटा करंट बंद. १.८ ची बँक असलेल्या बोर्डालाही हेच बफर चालतील.

१५ जुलै

चार नंबरचा बोर्ड. जोडकार्ड लावलेलं, रेल बरोबर, केबल बाकी बोर्डांवर चालते. उत्तर पुन्हा एफांची रांग.

आमची चिप एमएसएल ३ ची, म्हणजे पाकीट फोडल्यावर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत १६८ तासांत सोल्डर व्हायला हवी. जुलैत महापेत ६० टक्के आर्द्रता फक्त एसीखाली मिळते. ओल शोषलेली चिप रीफ्लोत (सोल्डर वितळवायच्या भट्टीत) आतून फुटू शकते, त्यामुळे सगळ्यांनी बॉलवर संशय घेतला. असेंब्लीवाले काका म्हणाले, "साहेब, चिप बेक करूनच लावलीय. उचलायची तर उचलतो, पण पैसे वेगळे पडतील आणि परत बसेल याची खात्री नाही."

उचलण्याआधी मल्टिमीटर डायोडवर ठेवला. बोर्ड बंद, केबल काढलेली, लाल टोक ग्राउंडला, काळं जेटॅगच्या एकेका पिनेला. चांगल्या बोर्डावर चारही पिनांना ०.५ च्या आसपास आकडा येतो, तो चिपच्या आतला डायोड. चार नंबरवर तीन पिना ठीक, टीडीओ उघडा. काळं टोक कनेक्टरवरून सरकवून त्याच टीडीओच्या मार्गावर, चिपजवळच्या ३३ ओहमच्या रेझिस्टरच्या पलीकडल्या पॅडवर ठेवलं. ०.५ आला. म्हणजे बॉल शाबूत. भिंगाखाली पाहिलं तर तो ०४०२ मापाचा बारीक रेझिस्टर एका टोकावर उभा होता. वरून पाहताना तो आडवाच वाटतो, तिरपा प्रकाश टाकल्यावर सावली लांब पडते. सोल्डरिंगची इस्त्री टेकवली, बसला, ०३६२डी०९३ दोनदा आला, दोन्ही चिप.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "मी म्हणत होतो ना." तो रेझिस्टरही त्यांनीच बसवला होता, पण ते मी बोललो नाही.

२० जुलै

फ्लॅश. ३५टीचं बिटस्ट्रीम १,७५,३६,०९६ बिटांचं, साधारण २.१ एमबी. ६ मेगाहर्ट्झवर थेट चिपमध्ये टाकायला तीनेक सेकंद, १ मेगाहर्ट्झवर सतरा-अठरा. फ्लॅशमध्ये लिहायला याहून बराच जास्त वेळ, कारण आधी चिपमध्ये एक मधलं डिझाइन जातं आणि त्याच्यामार्फत एसपीआय फ्लॅश पुसून लिहिली जाते. जेटॅगने टाकलेलं चालतं आणि सप्लाय बंद-चालू केल्यावर चालत नाही, असं झालं तर केबल सोडा आणि मोड पिना (चिप कुठून बूट होणार हे ठरवणाऱ्या) पाहा: एसपीआयसाठी एम२ ते एम० ००१ हव्यात. जेटॅग मोड पिना कशाही असल्या तरी चालतं, त्यामुळे तिथली चूक केबलवर काम करताना कधी दिसतच नाही.

२४ जुलै

पुढच्या आवृत्तीत गेलेले बदल: कठडेवाला हेडर, आणि त्याचे दोन पर्यायी पार्ट नंबर आधीच ठरवून, बफर बोर्डावरच, टीडीओचा रेझिस्टर ०४०२ ऐवजी मोठ्या मापाचा ०६०३, जोडकार्ड नसताना वळसा, टीसीके, टीएमएस, टीडीआय, टीडीओ चारहींना कनेक्टरजवळ स्कोप टेकवायला उघडं पॅड आणि त्याच्या शेजारी ग्राउंडचं पॅड.

राहिलेलं: जोडकार्ड लावून टीसीके १५ मेगाहर्ट्झवर नेला की तीन नंबरच्या बोर्डावर अधूनमधून अजून चुका येतात. टीसीके सध्या एकाच तारेने निघून दोन चिपांकडे फाटा फुटून जातो, आणि जोडकार्डाचा फाटा लांब आहे. नव्या आवृत्तीत दोन चिपांना बफरमधून वेगळे टीसीके दिलेत. तोवर तीन नंबर ६ वरच चालवतोय.